बाबांच्या शेजारची खुर्ची

आमच्या घरी कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या आहेत. एक बाबांची, हाताची, गादी घातलेली. दुसरी प्लास्टिकची. गेल्या हिवाळ्यात त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणारा माणूस बदलला. आधी मी बसत होतो, मग माझी बायको बसू लागली. गोष्ट एवढीच आहे, पण ती मला सोसवली नाही. त्याला दुसरं एखादं बरं नाव देता येईल का, ते मी पाहिलं. नाही देता येत. तो मत्सरच होता, आणि तोही स्वतःच्या बायकोचा.

मी पांढुर्ण्यात एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो. कापूस आत येतो, सरकी आणि रुई वेगळी होऊन बाहेर जाते, आणि आलेल्या व गेलेल्या वजनाचा मेळ मी घालतो. मेळ बसला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. घरचा कॉम्प्युटर तिथलाच जुना. नवा आल्यावर हा मी रीतसर पावती करून घरी आणला. त्याच्यावर खेळ टाकले ते मुलीने. ती नागपूरला शिकते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "आबाजी दिवसभर खिडकीत बसून राहतात. त्यांचा वेळ जाईन." बाबांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. टीव्हीवरची भांडणं त्यांना आवडत नाहीत. पत्ते खेळायला त्यांचे सोबती उरले नाहीत.

या खेळांत गोळ्या सुटत नाहीत, कोणी धावत नाही, कोणी मरत नाही. एक चित्र समोर येतं. अडगळीची खोली म्हणा, नाहीतर जुनं दुकान. त्यात वस्तूंचा नुसता खच पडलेला असतो. खाली त्यातल्या काही वस्तूंची नावं दिलेली असतात. त्या हुडकायच्या. सापडलेल्या वस्तूवर माऊसने टिचकी मारली की ती चित्रातून उडून जाते आणि तिचं नाव खोडलं जातं. मध्ये मध्ये गोष्ट पुढे सरकते. आमच्या पहिल्या खेळात समुद्रकाठच्या दीपगृहाचा राखणदार नाहीसा झाला होता आणि त्याची भाची त्याला शोधायला आली होती. बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. पडद्यावर तो पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एवढं पाणी हाय, अन् शेती कुठी हाय?"

मला हे खेळ का आवडले, ते सांगतो. वस्तू तिथे आहे, याची त्यात खात्री असते. घरात मी चष्मा शोधतो तेव्हा तो घरातच आहे, असं मला कोणी लिहून दिलेलं नसतं. तो जिनिंगमध्ये राहिला असेल, नाहीतर रसवंतीवाल्याच्या बाकावर. खेळात तसं होत नाही. खाली "नाल" लिहिलं असेल तर घोड्याची नाल त्या चित्रात आहेच, आणि ती दिसत नसेल तर कमी माझ्या नजरेत आहे. असा चोख व्यवहार मला दुसरीकडे क्वचित भेटला. आणखी एक. या खेळांत काही वाया जात नाही. सुरुवातीला स्वयंपाकघरात एक वाकडी तार सापडते. ती खालच्या पिशवीत पडून राहते, आपण तिला विसरतो, आणि पार पुढे गेल्यावर एका नालीत पडलेली अंगठी काढायला तीच तार लागते. त्या वेळी मला वर्षाचा मेळ बसल्यासारखं वाटतं.

आणि लपवणाऱ्याची हुशारी तर विचारूच नका. किल्ली खिडकीच्या जाळीत, जाळीच्याच नक्षीसारखी. फणी कुंपणाच्या काड्यांत. साप दोरखंडाच्या वेटोळ्यात. चित्रावरून नजर दहादा फिरते आणि दहाही वेळा वस्तू तिच्याखालून निसटते. मग एकदम ती दिसते, आणि आधी ती दिसत नव्हती हेच खोटं वाटू लागतं.

दिवाळीनंतरचे थोडे दिवस मी आणि बाबा रोज संध्याकाळी बसलो. नावं इंग्रजीत. मी वाचून त्यांना मराठीत सांगायचो, ते पडद्यावर बोट ठेवायचे, मी टिचकी मारायचो. त्यांना दिसलं नाही की मीच हुडकून टिचकी मारून मोकळा व्हायचो. अंगुस्ताना, ऐरण, भाता या वस्तू त्यांनी वापरात पाहिलेल्या होत्या. माझ्या वाट्याला त्या फक्त शब्दकोशात आल्या.

एके दिवशी यादीत "संत्रं" आलं.

"संत्रं?" बाबा सरसावून बसले. "हे तर घरचंच काम हाय."

आम्ही दोघे कामाला लागलो. बाबांनी पहिलं बोट ठेवलं ते हिरव्या लोकरीच्या गुंड्यावर. खेळाने नाही म्हटलं. मग एका हिरव्या बाटलीचं गोल बूच. नाही. मग फुलदाणीतल्या पानांच्या आड एक गोल सावली होती, तिच्यावर मीच पैज लावली. नाही. आमच्या तीन पिढ्या संत्र्याच्या बगीच्यात गेल्या, आणि आम्हाला एक संत्रं सापडेना. शेवटी माझं लक्ष गेलं तेव्हा ते खिडकीच्या चौकटीवर, अगदी समोर, उन्हात पडलेलं होतं. चांगलं मोठं आणि भगवं. आम्ही दोघांनीही त्याला चेंडू समजून सोडून दिलं होतं.

"हे?" बाबा म्हणाले. "हे संत्रं? अरे, हे तर झाडावरून उतरून, ट्रकात बसून, दिल्लीले जाऊन मंग रंगलेलं दिसते!"

हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "काय सापडलं?" तिला मीच सगळं सांगितलं. संत्रं दाखवलं. ती त्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, हे मला आता फार स्पष्ट आठवतं.

आम्ही हिरवं संत्रं का शोधत होतो, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. सौसरच्या रस्त्याला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आमच्याकडे फळ झाडावर हिरवं असतानाच बगीचा व्यापाऱ्याला दिला जातो. व्यापारी येतो, झाडांखालून फिरतो आणि नजरेने माल ठरवतो. म्हणून त्याच्या आधी मालकाने स्वतःची नजर फिरवून ठेवावी लागते. हिरव्या पानांत हिरवं फळ. उभं राहून ते दिसत नाही. झाडाच्या आत शिरून, उकिडवं बसून, सूर्य पाठीशी घेऊन वर पाहायचं. त्यात एक फळ दोनदा मोजलं जाण्याचा धोका फार. त्यासाठी बाबांनी एक रीत पाडली. झाडाच्या दोन बाजूंच्या फांद्यांना सुतळीची एकेक खूण बांधायची. खुणांच्या इकडचं त्यांनी मोजायचं, पलीकडचं मी. थोडी ठरावीक झाडं अशी मोजली की बाकीच्यांचा अंदाज येतो.

मी शाळेत होतो तेव्हापासून पलीकडची बाजू माझी आहे. मला भाऊ नाही. बहिणी कधी बगीच्यात मोजायला आल्या नाहीत. झाडाच्या त्या बाजूने बाबा विचारायचे, "झालं का गा?" आणि मी आकडा सांगायचो. पानांमधून मला त्यांचं धोतर आणि पाय दिसायचे, चेहरा कधी दिसला नाही. माझा आकडा ते पुन्हा मोजून पाहत नसत. हा माझा मान होता. दुसरा कोणता मान मला आयुष्यात फारसा मिळालेला नाही, आणि मी मागितलेलाही नाही.

मग जिनिंगचा हंगाम भरात आला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मला घरी यायला उशीर होतो. एका संध्याकाळी घरी येऊन दारात जोडे काढत होतो, तेव्हा आतून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. संत्र्याच्या दिवशीसारखा. मी आत डोकावलो. बायको प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, माऊस तिच्या हातात होता, आणि मांडीवर निवडायच्या शेंगांचं सूप.

"मामाजी, अलमारीवर पिंजरा हाय. पिंजऱ्यात पक्षी नाही, बूट हाय. सांगा बरं, बूट पिंजऱ्यात कोणी टाकला?"

"उडून जाईन म्हणून टाकला असन."

"अन् त्याच्या खाली शिडी हाय. शिडीले कंगवा लटकून राहिला. नाही नाही, कंगवा नाही, माशाचा काटा हाय."

"आपल्याले पाहिजे का माशाचा काटा?"

"पाहिजे नाही, पण मस्त हाय."

मी म्हणालो, "यादीत नाही ते कशाला पाहून राहिले तुम्ही?"

दोघांनीही वळून माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे पाहतात तसं.

"या," बायको म्हणाली. "चहा ओट्यावर झाकून ठेवला हाय."

म्हणजे मी उठून चहा घ्यायचा आणि ती उठणार नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं पहिल्यांदा झालं. चहाचं मला काही नाही. मी तो घेतला, गरम करून.

हंगाम ओसरल्यावर मी पुन्हा वेळेवर घरी येऊ लागलो. पण खुर्ची परत आली नाही. मी आलो की बायको म्हणायची, "बसता का?" मी म्हणायचो, "बस तू, आता सुरू केलं आहेच." आणि ती बसायची. माणसाने एवढं शब्दाला जागू नये.

तिच्या खेळात मला एकही गोष्ट पसंत पडत नव्हती. त्या खेळांत इशाऱ्याचं एक बटण असतं. दिव्याच्या आकाराचं. ते हळूहळू भरतं, भरल्यावर दाबलं की लपलेली वस्तू चमकते. मी ते कधी दाबलं नाही. दाबायचंच असेल तर शोधायला बसायचं कशाला? बायको ते भरायची वाटच पाहायची. "भरला हाय तर काहून वाया घालवायचा?" ताटातला उरलेला भात संपवावा तसा ती इशारा संपवायची. शिवाय उगाच इकडे तिकडे टिचक्या मारायची. फार चुका झाल्या की खेळ शिक्षा म्हणून माऊसचा बाण थोडा वेळ गरगर फिरवतो, काही करू देत नाही. मला त्याची लाज वाटली असती. तिला हसू यायचं. "मामाजी, पाहा, आला चक्कर त्याले!" आणि बाबाही हसायचे.

कोणत्याही मापाने मोजा, ती माझ्यापेक्षा कच्ची खेळाडू होती. माझ्याहून एखाद्या सरस माणसाने ती खुर्ची घेतली असती तर मी मान खाली घालून ती दिली असती. सरसपणाचा मेळ लागतो. इथे मेळ लागत नव्हता, आणि तेच आत जळत होतं.

मग मी एक उपाय केला. या खेळांत एकाहून जास्त खेळाडूंची नावं नोंदवता येतात, प्रत्येकाचा प्रवास वेगळा. मी माझं वेगळं खातं उघडलं. रविवारी दुपारी दोघं झोपलेली असताना मी त्यांच्या पुढची खोली एकट्याने सोडवून ठेवली. राखणदाराचं तळघर. प्रत्येक कोपरा पाठ केला. संध्याकाळी मी सहज म्हणालो, "आज मी बसतो जरा." बायको उठली. मी बसलो. तळघर उघडलं.

यादी वेगळी होती. खोली तीच, अडगळ तीच, पण खेळ दर वेळी दुसऱ्याच वस्तू मागतो हे मला माहीत नव्हतं. मी पाठ केलेल्यांपैकी दोनच कामी आल्या. त्या मी नाव वाचायच्या आत टिपल्या. बाकीच्यांवर अडलो, आणि तिसऱ्या टिचकीला बाण गरगर फिरू लागला.

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू इथी आधी येऊन गेला का?"

"नाही... म्हणजे जरा पाहिलं होतं."

"तेच म्हणतो. आधी मोजून आलेला माणूस झाड पाहतच नाही. डोळे नाही, त्याचा हातच पाहते." ते चिडले नव्हते. त्यांनी मान वळवून हाक मारली, "सूनबाई, ये वं. इशारा भरला."

मी उठलो.

दुसऱ्या दिवशी बायको अंगणात मिरच्या वाळवत होती. मी तिला म्हणालो, बाबांचा डोळा जपायला पाहिजे, रोज इतका वेळ पडद्यासमोर बरा नाही.

तिने मिरच्यांवरून हात फिरवला. "तुमी खेळत होते तवा डोळा बरा होता का?"

मी कडेची एक मिरची आत सरकवली.

"एक विचारू? तुमी मामाजीवर जळून राहिले का माह्यावर?"

"कोणावरच नाही."

"मंग खुर्ची घ्या अन् उशाले ठेवून झोपा."

तिने हे हसत म्हटलं. तिच्या माहेरी, लोधीखेड्याला, सगळे असंच बोलतात. बोलून झालं की त्यांच्या मनात काही उरत नाही. माझ्या मनात सगळं उरतं. बेरीज झाल्याशिवाय मी काही पुढे ढकलत नाही. आणि तिचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. बाबांवर जळायचं मला कारण नव्हतं. तिच्यावर जळायचंही नव्हतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात बाबा आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. मला ती जागा पाहिजे होती, एवढंच. बाबांना काही सापडल्यावर ते ज्याच्याकडे पाहून हसतात, त्या माणसाची जागा.

दीपगृहाचा राखणदार सापडला. तो मला न विचारता सापडला. मी जिनिंगमध्ये असताना. त्यानंतर दुसरा खेळ लागला, मग तिसरा. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकायचो, आणि कधी कधी भिंतीपलीकडून तिने केलेल्या वर्णनावरून वस्तू कुठे असेल ते मला तिच्या आधी कळायचं. मी सांगायचो नाही.

पोळा झाला. झाडांवर संत्री लिंबापेक्षा मोठी झाली. व्यापाऱ्यांच्या चकरा सुरू व्हायचे दिवस. मी घरातली सुतळी पाहून ठेवली, कात्री पाहून ठेवली. या गोष्टीची मी आतून वाट पाहत होतो. कॉम्प्युटरची खुर्ची गेली तर गेली. झाडाची पलीकडची बाजू माझी होती, आणि तिथे इशाऱ्याचं बटण नव्हतं.

जेवताना बाबा म्हणाले, "व्यापारी येईन आता. त्याच्या आधी झाडं पाहून येऊ. सूनबाईले घेऊन जातो."

माझा घास हातातच राहिला. "कशाला?"

"पलीकडच्या बाजूले. तिची नजर चांगली चालून राहिली."

"अन् मी?"

"तू गाडी चालव."

बायकोनेही मान वर केली. "अवो मामाजी, मले कुठी येते ते?"

"येईन. पिंजऱ्यातला बूट दिसते, त्याले संत्रं दिसन."

मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "बाबा, झाडाला इशाऱ्याचं बटण नसतं. तिथे आकडा चुकला तर व्यापारी बाण गरगर फिरवत नाही, आपल्यालाच फिरवतो."

"मी हावो ना तिथी," बाबा म्हणाले आणि वाटीतलं वरण प्यायले.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगायलाच नको. शाळेत असल्यापासून जी एक गोष्ट मी कधी चुकवली नाही, ती एका जेवणात, वरणाच्या घोटासोबत माझ्याकडून काढून घेतली गेली होती. आणि काढणाऱ्याला ते कळलंही नव्हतं.

सकाळी निघालो. बाबा पुढे, बायको मागे. ती वाटेत दिसेल ते सांगत होती. पुलावर बकऱ्या, कोणाच्या तरी छतावर वाळत टाकलेली निळी गादी. बाबा "हं, हं" करत होते. मी गाडी चालवत होतो. बगीच्यात उतरल्यावर लक्षात आलं की सुतळी त्या दोघांपैकी कोणीच आणलेली नाही. माझ्या खिशात होती.

"कशाले लागते ते?" बायकोने विचारलं.

"एक फळ दोघांनी मोजू नये म्हणून."

"एखादं मोजलं तर?"

"हिशेब चुकतो."

"एका संत्र्यानं?"

"एका झाडाला एक. झाडं किती आहेत?"

"बांध वं," बाबा म्हणाले. "त्याले नाही तर झोप यायची नाही." तिने दोन्ही बाजूंना सुतळी बांधली. फूल-गाठ घातली, राखीला घालतात तशी. मी धुऱ्यावर, बगीच्याच्या बांधावर, जाऊन उभा राहिलो. गाडी चालवणाऱ्याची जागा तीच.

ती पलीकडून झाडात शिरली, आणि बाबा इकडून. त्यांना आता उकिडवं बसता येत नाही, म्हणून मी गाडीतला पाट आणून दिला होता. पलीकडून तिचा आवाज सुरू झाला. "वो माय, इथी तं भरून हाय! एका फांदीवर तीन, अन् त्याच्या माग एक लपून बसलं... हे पाहा मामाजी, तुमाले नाही दिसणार, पण दोन एकमेकाले असे चिकटून हायेत, जसे बाजारात हरवू नये म्हणून हात धरला." बाबा हसले. पानांआडून. तोच आवाज. मी धुऱ्यावरचं गवत उपटत उभा होतो, आणि सुतळीपलीकडच्या त्या बाजूचं प्रत्येक पान मला तिच्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे, असं मनात म्हणत होतो.

मग तिचा आवाज दुसऱ्या फांदीकडे गेला आणि बाबांच्या बाजूला एकदम शांत झालं. बराच वेळ त्यांनी आकडा सांगितला नाही.

"तू तिथी काय करून राहिला गा?" ते म्हणाले. "ये इकडे. माह्या बाजूले."

मी वाकून आत शिरलो. पाटाशेजारी बसलो. एवढ्या वर्षांत झाडाच्या या बाजूला मी कधी आलो नव्हतो. बाबा मान वर करून पाहत होते, आणि त्यांचे डोळे एका जागी थांबत नव्हते, चित्रात काही न सापडणाऱ्या माणसासारखे.

"हिरव्यात हिरवं आता नाही उमगत," ते म्हणाले. "मोठं दिसते. झाड दिसते. फळ नाही. तू सांग."

मी वर पाहिलं. मला सगळं दिसत होतं. सवयीने मी ओठ न हलवता मोजलं, दोनदा पडताळलं, आणि आकडा सांगितला.

"आकडा मंग सांग. काय दिसते ते सांग."

"संत्रं दिसते, बाबा."

"अजून?"

"अजून संत्रं."

"वा रे पठ्ठ्या. संत्र्याच्या झाडावर संत्रं दिसते म्हणते." ते गालात हसले, पण ते हसणं अजून माझं नव्हतं. "लेका, कॉम्प्युटरवरही तू असंच करे. सापडवे, टिचकी मारे, अन् चूप. मले समजतच नव्हतं तुले काय सापडलं ते. सूनबाई बोलते तं मले दिसते."

यावर मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. हा खुलासा सोपा होता, आणि इतके महिने माझ्या नजरेखालून निसटत होता. तरी सांगतो, त्याने मत्सर गेला नाही. उलट ती माझ्या आधी हे न कळताच करून बसली होती, याचा मला नव्याने राग आला. मी पुन्हा वर पाहिलं. या वेळी मोजलं नाही.

"एक फळ दोन फांद्यांच्या दुबेळक्यात अडकलं आहे," मी म्हणालो. "एका बाजूनं चपटं झालं आहे. निघायला जागाच नाही त्याला."

"हं."

"त्याच्यावर गेल्या वर्षीचं वाळकं देठ आहे. तोडताना राहिलेलं. मुंग्या तिथून वळून जातात."

"सरळ नाही जात?"

"नाही. वळसा घालतात." मला शब्द सापडत होते, एकेक करून. "बाबा, डोक्यावर, जरा डावीकडे, दोन पानं शिवलेली आहेत. शिंपी पाखराचं घरटं आहे. रिकामं. अन् त्याच्या तोंडातच एक संत्रं वाढलं आहे. बाहेर निघून राहिलं, पण निघत नाही."

बाबांनी मान वळवली. "कुठी?"

मी त्यांचा हात धरला आणि वर नेला, फांदीला धक्का न लावता. त्यांची बोटं आधी पानाच्या शिवणीवर टेकली, मग आतल्या गोल, गार फळावर. ते तिथेच थांबले. मग ते हसले, आवाज न करता, आणि हसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय हाय वो?" सुतळीच्या पलीकडून बायकोचा आवाज आला. "काय सापडलं? मलेही सांगा ना."

बाबा सांगायला तोंड उघडत होते. मी त्यांचा हात दाबला, आणि ते चूप बसले.